विज्ञानकथा कुणाला, कशी सुचवावी

"काहीतरी साय-फाय सांग ना वाचायला," असं कुणी म्हटलं की आपण एका दमात सात-आठ नावं सांगून मोकळे होतो. ऐकणारा ती मोबाइलमध्ये टिपून घेतो आणि विषय तिथेच संपतो. महिन्याने विचारावं तर त्यातलं एकही पुस्तक उघडलेलं नसतं. दोष त्याचा नाही. सातातून एक निवडायचं काम आपण त्याच्याच गळ्यात घातलं, आणि ते काम जमत नव्हतं म्हणून तर तो आपल्याकडे आला होता.

एका वाचकाला एक पुस्तक सांगायचं. ते कुठून उघडायचं, कुठे जड जाईल आणि कुठवर धीर धरायचा, हेही सोबत सांगायचं. विज्ञानकथेच्या बाबतीत हे फार गरजेचं आहे. पहिलं पुस्तक चुकीचं हातात पडलं तर माणूस "हे पुस्तक आवडलं नाही" असं म्हणत नाही, "विज्ञानकथा आपल्यासाठी नाही" असं म्हणतो, आणि मग वर्षानुवर्षं त्या कपाटाकडे फिरकत नाही.

आधी तीन प्रश्न

पुस्तकाचं नाव तोंडातून निघण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या.

पहिली: अलीकडे कोणतं पुस्तक खाली ठेववलं नाही? ते विज्ञानकथेचं असायची काहीच गरज नाही. उत्तर 'श्यामची आई' असो, रहस्यकथा असो की एखादं प्रवासवर्णन, त्यातून त्या माणसाला कशाची ओढ आहे ते कळतं.

दुसरी: कोणतं पुस्तक अर्धवट सोडलं, आणि साधारण कुठे? या प्रश्नाचं उत्तर पहिल्यापेक्षा जास्त कामाचं असतं. "नावंच लक्षात राहिना", "काही घडतच नव्हतं", "सगळं समजावून सांगत बसलाय लेखक", "शेवट फार उदास होता" यातली प्रत्येक तक्रार काही पुस्तकं थेट बाद करते. नावं लक्षात न राहणाऱ्याच्या हातात फ्रँक हर्बर्ट यांची 'ड्यून' ही कादंबरी देऊ नका. समजावून सांगण्याचा कंटाळा असणाऱ्याला १९७०-८०च्या दशकातल्या बऱ्याच मराठी विज्ञानकथा जड जातील, कारण त्या काळी वाचकाला विज्ञान शिकवणं हाही लेखकांचा उघड हेतू होता.

तिसरी: वाचायला वेळ कधी मिळतो, आणि कोणत्या भाषेत हात मोकळा चालतो? लोकलमध्ये उभ्याने वीस मिनिटं वाचणाऱ्याची गरज वेगळी, रात्री दोन तास बसणाऱ्याची वेगळी. भाषेचा प्रश्न जरा जपून विचारा. इंग्रजी वर्तमानपत्र सहज वाचणाऱ्यालाही इंग्रजी विज्ञानकथा अडते, कारण तिथे अर्धे शब्द लेखकाने स्वतः बनवलेले असतात आणि वाचकाला वाटतं, आपलंच इंग्रजी कमी पडतंय.

एक प्रश्न मात्र विचारू नका: "तुला विज्ञान आवडतं का?" हे ऐकलं की बहुतेकांना दहावीचे गुण आठवतात आणि उत्तर "नाही" येतं. ज्याला माणसांच्या गोष्टी आवडतात, इतिहास आवडतो, भुताखेताची भीती आवडते, त्या प्रत्येकासाठी या प्रकारात जागा आहे.

उत्तरं मिळाली की दार शोधायचं. ऐतिहासिक कादंबऱ्या वाचणाऱ्यासाठी दार म्हणजे पर्यायी इतिहासाची कथा, म्हणजे इतिहास वेगळ्या वाटेने गेला असता तर काय झालं असतं, याची. पोलिसी तपास आवडणाऱ्याला आयझॅक असिमोव्ह यांची 'द केव्ह्ज ऑफ स्टील' (१९५४) द्या. त्यात खून आहे, बेली नावाचा माणूस-पोलीस आहे आणि त्याच्या जोडीला नेमून दिलेला यंत्रमानव आहे. तपास शेवटपर्यंत चोख चालतो आणि यंत्रमानवाचे नियम वाचकाला तपासाच्या ओघातच कळतात. घरची यंत्रं स्वतः उघडून दुरुस्त करणाऱ्याला अँडी वियर यांची, मंगळावर एकटा राहिलेल्या माणसाची 'द मार्शन' द्या. स्त्रियांच्या आयुष्यावरचं लेखन आवडीने वाचणारीला रुकैया हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' द्या. १९०५ साली एका बंगाली लेखिकेने इंग्रजीत लिहिलेली ही छोटी कथा एका बैठकीत होते, आणि पडद्याआड पुरुष राहतात असा देश तिच्यात आहे.

कादंबरी नंतर, आधी कथा

नवख्याला पहिल्याच फटक्यात चारशे पानं देऊ नका. कथा द्या. विज्ञानकथांना दिल्या जाणाऱ्या ह्यूगो पुरस्कारांच्या नियमांत साडेसात हजार शब्दांच्या आतली ती लघुकथा, साडेसतरा हजारांपर्यंतची दीर्घकथा, चाळीस हजारांपर्यंतची लघुकादंबरी आणि त्यापुढची कादंबरी, अशी विभागणी आहे. सुचवणाऱ्यासाठी ही मोजपट्टी फार उपयोगी आहे. लघुकथा एका बैठकीत होते, दीर्घकथेला एक संध्याकाळ लागते, लघुकादंबरीला शनिवार-रविवार. कादंबरी मागायला लोक परत येतात, तेव्हा द्यायची.

मराठीत तर कथेपासून सुरुवात करायला आणखी एक कारण आहे. आपली विज्ञानकथा मासिकांत, दिवाळी अंकांत आणि स्पर्धांत वाढली. जयंत नारळीकरांची पहिली कथा 'कृष्णविवर' १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत आली, तीही 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं त्यांनी उलटी फिरवली होती. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे या सगळ्यांची नावं वाचकांच्या ओळखीची झाली ती मुख्यतः कथांमुळे. त्यामुळे मराठीत कथासंग्रह सुचवणं म्हणजे दुय्यम माल पुढे करणं नव्हे. आपल्याकडचं सकस लेखन बव्हंशी तिथेच आहे.

पण "हा संग्रह वाच" एवढंच सांगू नका. संग्रहातली कोणती कथा आधी वाचायची ते सांगा. वाचक पहिल्या पानापासून सुरुवात करतो, आणि पहिली कथा त्याच्यासाठी नसली तर पुस्तक मिटतं. टेड चियांग यांच्या 'स्टोरीज ऑफ युअर लाइफ अँड अदर्स' (२००२) या संग्रहात आठ कथा आहेत. पहिली बॅबिलोनच्या मनोऱ्याची. ती सुंदर आहे, पण यंत्रं आणि अंतराळ यांच्या अपेक्षेने आलेला वाचक तिथे बावचळतो. आई-मुलीच्या नात्यावरची शीर्षककथा चौथी आहे. बहुतेकांना आधी ती द्यावी, आणि मनोऱ्याची कथा पुराणकथांची आवड असलेल्याला.

आता एक उदाहरण जवळून पाहू. समोर बसलेल्या काकांना पेशवाईवरचं काहीही चालतं, विज्ञानाचं नाव काढलं की ते हात झटकतात. त्यांच्यासाठी नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी' या संग्रहातली 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा. ती कशी सुचवायची?

"काका, या कथेत समांतर विश्वाचा सिद्धांत आहे," असं म्हणालात तर काका गेले. "यात पानिपत आपण जिंकतो," असं म्हणालात तर काका वाचतील, पण कथेतला सगळ्यात गोड क्षण तुम्ही आधीच खाऊन टाकलात. त्याऐवजी एवढंच सांगा: "इतिहासाचे एक प्राध्यापक पुण्याहून मुंबईला निघतात. गाडी वेळेवर पोचते, पण ते जिथे उतरतात ती मुंबई त्यांच्या ओळखीची नसते. मग ते इतिहासकाराला शोभेल तेच करतात, ग्रंथालयात जाऊन बसतात." शेवटचं वाक्य काकांसाठीच आहे. इतिहास कुठे वळला हे त्या माणसाने कागदपत्रांतून शोधून काढायचं, ही कल्पना इतिहासवेड्याला सोडवत नाही. आणि जाता जाता सांगून ठेवा: "शेवटी दोन-तीन पानं शास्त्र आहे. तोवर तुम्हालाच ते हवं असेल." खरोखर तसंच होतं. स्पष्टीकरण त्या कथेत मागून येतं, वाचक विचारत असताना येतं, म्हणून ते बोचत नाही.

मिळतंय का, आणि नेमकं काय मिळतंय

पुस्तक सुचवण्याआधी ते मिळवायची वाट तुम्हाला माहीत हवी. मराठी विज्ञानकथांची कितीतरी पुस्तकं एक-दोन आवृत्त्यांनंतर दुकानातून दिसेनाशी झाली. सार्वजनिक वाचनालयांत ती असतात, पण अनेकदा तीन ठिकाणी विखुरलेली: काही कथासंग्रहांत, काही बालसाहित्यात, काही थेट विज्ञानाच्या कपाटात. म्हणून लेखकाच्या नावाने शोधायला सांगा.

इथे एक घोटाळा वारंवार होतो. "नारळीकरांचं काहीही घे" असं सांगितलं, की माणूस 'आकाशाशी जडले नाते' घेऊन घरी येतो. पुस्तक उत्तम आहे, पण ते खगोलशास्त्राची ओळख करून देणारं आहे, कथा नव्हे. दोन प्रकरणांनंतर तो म्हणतो, "यात गोष्ट कुठाय?" पुस्तकाचं पूर्ण नाव, लेखक आणि 'कथासंग्रह' की 'कादंबरी' एवढं चिठ्ठीवर लिहून द्या.

अनुवादाच्या बाबतीत आणखी एक पाहायचं: समोरचं पुस्तक पूर्ण अनुवाद आहे, संक्षेप आहे की रूपांतर? भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांसाठी आणला, 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा' अशा नावांनी. पाचवी ते आठवीच्या मुलाला ती रूपांतरं डोळे झाकून द्यावीत. भागवतांची भाषा धावते, आणि मूळ कादंबऱ्यांतल्या लांबलचक याद्या व वर्णनांत मूल अडकत नाही. पण मोठ्या माणसाने 'व्हर्न वाचायचाय' म्हटलं तर त्याला संपूर्ण अनुवादच हवा, कारण व्हर्नचं भूशास्त्र आणि समुद्रशास्त्र हीच त्याची खरी चव आहे. मुलाला देताना "ज्ञान वाढेल" हे शब्द मात्र उच्चारू नका. तो अभ्यास वाटतो.

जुन्या बाजारातून इंग्रजी पुस्तकं घेणाऱ्यांना नावांचा घोळ सांगून ठेवा. अल्फ्रेड बेस्टर यांची एकच कादंबरी इंग्लंडात 'टायगर! टायगर!' आणि अमेरिकेत 'द स्टार्स माय डेस्टिनेशन' या नावाने निघाली. दोन्ही प्रती हौसेने घेऊन घरी आलेली माणसं आहेत.

मालिका असेल तर क्रम आणि थांबा दोन्ही सांगा. क्रम शक्यतो प्रकाशनाचा ठेवावा. असिमोव्ह यांच्या 'फाउंडेशन'ची मूळ तीन पुस्तकं १९५१ ते १९५३मध्ये आली. आधीच्या काळात घडणारी 'प्रिल्यूड टू फाउंडेशन' १९८८ची आहे. कथेतला काळ पाहून कुणी 'प्रिल्यूड'पासून सुरुवात केली, तर लेखकाने चाळीस वर्षं राखून ठेवलेली गुपितं त्याला आधीच कळतात आणि मूळ पुस्तकं सपक लागतात. थांब्याचं उदाहरण म्हणजे आर्थर क्लार्क यांची 'रॉन्देव्हू विथ रामा' (१९७३). पहिलं पुस्तक स्वयंपूर्ण आहे. पुढचे भाग पंधराहून अधिक वर्षांनी सहलेखकासोबत आले आणि त्यांचा बाज निराळा आहे. "एकच वाच, पुढचं नाही वाचलंस तरी चालेल," हे ऐकून लोक सुटकेचा निःश्वास टाकतात.

तीन वाक्यं

सुचवताना बोलायची तीन वाक्यं आधी मनात जुळवून ठेवा. पहिलं वाक्य: सुरुवातीला काय घडतं. दुसरं: हे पुस्तक तुलाच का. तिसरं: ते तुझ्याकडून काय मागेल.

तिसरं वाक्य बहुतेकजण गाळतात, कारण आवडत्या पुस्तकातली अडचण सांगणं जिवावर येतं. पण पुस्तकं सोडली जातात ती इथेच. आधी सांगितलेली अडचण वाचक ओलांडतो. न सांगितलेली भेटली की त्याला वाटतं, पुस्तकच फसलंय किंवा आपल्यालाच ते कळत नाहीये.

'रॉन्देव्हू विथ रामा'च घेऊ. सूर्यमालेत एक वस्तू शिरते. जवळून पाहिल्यावर ते पन्नासएक किलोमीटर लांब, वीसएक किलोमीटर रुंद, स्वतःभोवती फिरणारं पोकळ नळकांडं निघतं, आणि माणसं त्यात उतरतात. सह्याद्रीत रात्री-अपरात्री गड चढणाऱ्या मुलीला हे पुस्तक असं सांगता येईल: "आत मिट्ट काळोख आहे, डोक्यावर दिवा आहे आणि समोर किलोमीटरच्या किलोमीटर खाली जाणारा जिना. गुहेत उतरताना तुझं जे होतं, ते इथे पानापानावर होतं. पण माणसांची ओळख फारशी होणार नाही. कॅप्टनचं नाव लक्षात राहील, बाकीच्यांची राहिली नाहीत तरी बिघडत नाही. आणि सगळ्या प्रश्नांची उत्तरं मिळतील अशी अपेक्षा ठेवू नकोस." हेच पुस्तक, नात्यांची गुंतागुंत आवडणाऱ्या मामींना देऊ नये. त्यांना ते कोरडं वाटेल आणि त्यांचं ते म्हणणं खरंच असेल.

मामींसाठी अर्सुला ल ग्विन यांची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (१९६९) आहे. कायम बर्फात असलेला ग्रह, तिथल्या माणसांना ठरावीक लिंग नाही, आणि बाहेरून आलेला एक दूत त्यांना समजून घेऊ पाहतो. पण तीही वाचकाकडून काय मागते ते सांगावं लागतं. पहिलं प्रकरण एका मिरवणुकीत आणि राजकारणात जातं, अनोळखी शब्द अंगावर येतात, मधूनच लोककथा येतात. पुस्तकाचा प्राण आहे तो उत्तरार्धातल्या बर्फावरच्या प्रवासात, दोनच माणसांमध्ये. "शब्द अडले तर पुढे जा, अर्थ आपोआप लागतो, अर्ध्यापर्यंत धीर धर," असं सांगूनच द्यावी. इंग्रजीत लेखिकेने त्या लोकांसाठी 'ही' (he), म्हणजे 'तो', हेच सर्वनाम वापरलं, त्यावर पुढे बराच वाद झाला. जिथे क्रियापदालासुद्धा लिंग लागतं अशा मराठीत विचार करणाऱ्या वाचकाला तो वाद चटकन कळतो. वाचनगटात या एकाच मुद्द्यावर तासभर छान गप्पा होतात.

आणखी काही पुस्तकं काय मागतात, ते थोडक्यात. 'फाउंडेशन'च्या पहिल्या आणि दुसऱ्या भागात पन्नास वर्षांचं अंतर आहे; ज्यांच्यात जीव गुंतला ती माणसं मागे राहतात आणि हे पुढे पुन्हा पुन्हा होतं. शिवाय पुस्तकात बायका जवळजवळ नाहीतच. लिऊ त्सिशिन यांची 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' इंग्रजीत चीनमधल्या १९६७च्या सांस्कृतिक क्रांतीतल्या एका अंगावर येणाऱ्या हिंसक प्रसंगाने उघडते. मूळ चिनी पुस्तकात तो भाग मध्यावर होता, इंग्रजी अनुवादात तो सुरुवातीला आणला. हळव्या वाचकाला हे आधी कळायला हवं. चिनी नावं गोंधळात टाकतात, म्हणून सुरुवातीची पात्रांची यादी फोटो काढून जवळ ठेवायला सांगा. 'ड्यून'च्या मागे शब्दकोश जोडलेला आहे. पण दर ओळीला मागे जाणारा वाचक पन्नास पानांत दमतो. आधी नुसतं वाचत जावं, कोश नंतर चाळावा. 'द मार्शन'मधली आकडेमोड ओलांडली तरी गोष्ट तुटत नाही. तिच्यात शिव्या मात्र भरपूर आहेत आणि त्या पहिल्याच ओळीपासून आहेत. शाळकरी मुलासाठी शिव्या काढलेली वेगळी शालेय आवृत्ती निघाली आहे, ती मागवा.

आणि थांबायची परवानगी द्या. "पन्नास पानं वाच, नाही रुचलं तर परत कर, मी दुसरं देईन." ज्याला सोडायची मोकळीक आहे तो जास्त निर्धास्तपणे वाचतो.

काय सांगायचं नाही

विज्ञानकथेत रहस्य फोडणं म्हणजे काय, हे इतर कादंबऱ्यांपेक्षा थोडं वेगळं असतं. मूळ कल्पना सांगितली तर चालतं: मंगळावर एकटा राहिलेला माणूस, कालयंत्र, नळकांड्यासारखं यान. त्या कल्पनेचा परिणाम काय होतो, तो मात्र सांगायचा नाही. साधा नियम असा की पुस्तकाच्या पहिल्या दहाव्या हिश्श्यात जे उघड होतं तेवढंच बोलावं. तीनशे पानांच्या कादंबरीत तीस पानं.

मलपृष्ठ आधी स्वतः वाचा. कधीकधी मधला मोठा धक्का तिथेच छापलेला असतो. तसं असेल तर "मागचं वाचू नकोस" म्हणून सांगा, किंवा सरळ वर्तमानपत्राचं वेष्टण घालून पुस्तक द्या. प्रस्तावनेचंही तेच. विज्ञानकथासंग्रहांच्या प्रस्तावना जिव्हाळ्याने लिहिलेल्या असतात आणि त्यात कथांचे शेवट सर्रास येतात. प्रस्तावना शेवटी वाचायची.

चित्रपट पाहिलाय का, हेही विचारून घ्या. चियांग यांच्या त्या शीर्षककथेवर २०१६मध्ये 'अरायव्हल' आला. ज्याने तो पाहिलाय त्याला कथा वाचायला हरकत नाही, उलट लेखकाने क्रियापदांचे काळ कसे वापरलेत ते त्याला जास्त स्पष्ट दिसेल. पण त्याला "शेवट बघून थक्क होशील" असं सांगून काय उपयोग?

"जबरदस्त", "डोकं सुन्न होतं", "आयुष्य बदलतं" हे शब्द टाळावेत. अपेक्षा वाढते आणि माहिती शून्य मिळते.

जुनं पुस्तक देताना

जुन्या विज्ञानकथेतलं विज्ञान शिळं होतं. ते लपवू नका. एच. जी. वेल्स यांच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मध्ये (१८९८) मंगळावर प्रगत प्राणी राहतात. 'फाउंडेशन'मध्ये आकाशगंगेवर राज्य करणारी माणसं मायक्रोफिल्म वाचतात. आपल्याकडच्या सत्तर-ऐंशीच्या कथांत संगणक खोलीएवढे असतात आणि तातडीचा निरोप तारेने जातो. "लिहिली तेव्हाचं वर्ष ध्यानात ठेव" एवढं सांगितलं की वाचक चुका काढत बसत नाही.

चूक आणि सूट यांतला फरकही सांगावा. 'द मार्शन'मध्ये वादळामुळे सगळा घोटाळा सुरू होतो. प्रत्यक्षात मंगळाच्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे, तिथला वारा यान कलंडवू शकणार नाही. लेखकाला हे ठाऊक होतं; गोष्ट सुरू व्हावी म्हणून त्याने ती सूट घेतली. हिशेबी वाचकाला हे आधीच सांगितलं नाही तर तो दहाव्या पानावर पुस्तक आपटेल.

मराठीबद्दलही प्रामाणिक राहू या. आपल्या बऱ्याच विज्ञानकथांत पात्रं कल्पनेसाठी राबतात. एक शास्त्रज्ञ, त्याला प्रश्न विचारणारा एक मित्र, आणि फळ्यापुढे उभं राहिल्यासारखे संवाद. कल्पनेवर प्रेम असणाऱ्याला ते खटकत नाही. ज्याला माणसं हवीत त्याला जावडेकरांकडे न्या, 'गुगली' किंवा 'आकाशभाकिते'कडे. तिथे घरातली माणसं, त्यांचे हेवेदावे आणि भीती पुढे असतात आणि विज्ञान त्यांना टोचत राहतं. आणि कुणी "मराठीत काय दम आहे?" म्हणालं तर वाद घालू नका, लोंढ्यांची 'दुसरा आइन्स्टाइन' द्या. पेंग्विनने १९८६ साली जगभरच्या विज्ञानकथांचा जो संग्रह काढला, त्यात या कथेचा इंग्रजी अनुवाद आहे.

वाचनकट्ट्यावर

गटात सुचवायचं असेल तर प्रत्येकाला पाच मिनिटं, आणि एकच पुस्तक. त्यातलं एक मिनिट पुस्तकातला उतारा मोठ्याने वाचण्यासाठी ठेवा. उतारा पहिल्या दोन-तीन पानांतला असावा, म्हणजे मागचा संदर्भ सांगत बसावं लागत नाही. घरी घड्याळ लावून वाचून पाहा. मोठ्याने वाचताना एका मिनिटात छापील अर्धं-पाऊण पान जेमतेम होतं, आणि लोक नेहमी दोन पानं निवडून आणतात. बनवलेले शब्द खच्चून भरलेला उतारा टाळा. संवाद असलेला उतारा नुसत्या वर्णनापेक्षा बरा.

पुस्तकाची प्रत सोबत हवी. लोक ती हातात घेऊन जाडी बघतात, अक्षराचा आकार बघतात, आणि निम्मा निर्णय तिथेच होतो. ज्येष्ठ वाचकांना बारीक टाइपाची जुनी पेपरबॅक देऊ नये. तेच पुस्तक ई-पुस्तकात मोठं अक्षर करून वाचता येतं.

नंतर विचारा, पण असं

दहा-बारा दिवसांनी विचारावं. "वाचलंस का?" असं विचारलं की माणूस ओशाळतो आणि भेटायचं टाळतो. "कुठवर आलंय?" हा प्रश्न सोपा आहे, "तिसऱ्या पानावर" हेही त्याचं उत्तर असू शकतं.

एक वही ठेवा. कुणाला, कोणतं, कधी दिलं, कुठे थांबले, कशामुळे. नोंद दोन ओळींची पुरते: 'यक्षांची देणगी, फक्त पानिपतची कथा, आवडली. पुढची आपणहून उघडली, तिसऱ्या पानावर सोडली, समजावणं जास्त वाटलं.' या नोंदीतून पुढचं पुस्तक निघतं. या वाचकाला नारळीकरांचंच आणखी काही देण्यापेक्षा पर्यायी इतिहासाचं दुसरं काही द्यावं. त्याला विषय आवडलाय, रीत नाही.

दुसरं पुस्तक देताना एका वेळी एकच गोष्ट बदला. लेखक तोच ठेवून लांबी वाढवा, किंवा विषय तोच ठेवून भाषा बदला. सगळंच एकदम बदललं तर पुन्हा पहिल्या दिवसाला आलात. नारळीकरांच्या कथांतून थेट 'वामन परत न आला' या कादंबरीकडे जाता येतं. आणि नारळीकर मनापासून आवडले, त्यातही खगोलशास्त्रज्ञांची ती लगबग आवडली, इंग्रजी चालतं, अशा वाचकासाठी पुढचं पाऊल ठरलेलं आहे: केंब्रिजमधले नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांची 'द ब्लॅक क्लाउड' (१९५७). एक अवाढव्य काळा ढग सूर्याच्या दिशेने येतोय हे शास्त्रज्ञांच्या लक्षात येतं, तिथून गोष्ट सुरू होते. सुरुवातीला वेधशाळेतल्या नोंदी आणि आकडे बरेच आहेत आणि तळटिपांत चक्क गणित सोडवलंय. तळटिपा ओलांडून गेलं तरी चालतं, हे पुस्तक देतानाच सांगा. आणि गणिताची आवड असलेला वाचक असेल तर सोबत एक पेन्सिल द्या.